सतराव्या खिळ्यावरचा बिल्ला

९ जुलै
एक पाय जहाजाच्या शिडीवर, दुसरा अजून धक्क्यावर, तोच कल्याणने मागून ढकललं. "चला जगन्नाथसाहेब, जल्दी! तुमच्या कोल्ड रूमसारखंच हाय सगळं. फक्त कडी न्हाई." सगळे हसले. मीही.
कल्याण हसनाबादचा बियाण्याचा डीलर. मी जालन्यातल्या बियाणं कंपनीच्या गोदामाचा, तिथल्या कोल्ड रूमचा मॅनेजर. जादा विक्रीबद्दल कंपनीने आम्हा बाराजणांना ही उत्तर ध्रुवाकडची सहल दिली. केबिन आम्हा दोघांत एक. सूर्य मावळत नाही. त्याने घरची शेंगदाण्याची चटणी काढली. बरं वाटलं.

१० जुलै
किनाऱ्यावर उतरताना फळीच्या खिळ्यावरचा आपला बिल्ला खिशात घ्यायचा, परतल्यावर पुन्हा अडकवायचा. खिळे भरले की जहाज निघतं. आमच्या कोल्ड रूमची हीच रीत. माझा नंबर सतरा. कल्याणने विचारलं, तुमच्याकडे सतरा कोणाचा होता? आठवत नाही, म्हणालो.
आठवतं. आमच्या हमालाचा, रामकिसनचा. बिल्ला खिशात तसाच ठेवून घरी जायची त्याची खोड. त्या संध्याकाळी खिळा रिकामा दिसला. आत न पाहता मी ड्रॉवरमधला जादा बिल्ला अडकवला, कडी घातली. रात्री वॉचमनचा फोन, आतून ठोठावल्याचा आवाज येतोय. कंप्रेसर असेल, म्हणालो. सकाळी तो आत गारठून मेलेला सापडला. चौकशीत सांगितलं, खिळे भरलेले होते.

११ जुलै
कपाटातून ठोठावल्याचा आवाज. उघडलं. कोट, बूट. अंगावर गार हवा आली. कल्याण म्हणाला, त्याला काही ऐकू आलं नाही.

१२ जुलै
बिल्ला हरवला. दुसरा मिळाला. आकडा तोच. ठोके दिवसभर. मध्ये थांबतात. मग हळू, दमलेल्या माणसासारखे —

१३ जुलै
उतरायचं नव्हतं. पण केबिनमध्ये — कपाटाचं दार आतून — कल्याण म्हणतो, किनाऱ्यावर शिकाऱ्यांची जुनी झोपडी आहे, आडोशाला निवांत बसू. जातो. इथे थांबलो तर —

*(खाली वेगळं अक्षर)*

१४ जुलै, सकाळ
झोपडीला बाहेरून कडी होती. घातली. साहेबांचा हरवलेला बिल्ला माझ्यापाशीच होता. सतराव्या खिळ्याला अडकवला. जहाज निघालं. रामकिसन माझा थोरला भाऊ.
आत्ता केबिन झाडायला बाई आली. कपाटाकडे बोट करून विचारलं, आत कोण ठोठावतंय.
म्हन्लं, इंजन असंल.