पहिल्या तासाला बाहेर

बाबा, आज तान्ह्या पोळ्याची सुटी आहे आणि हातमाग बंद आहे, म्हणून तुमच्याशी बोलायला सवड झाली. तुमची नात लाकडी बैल ओढत गल्लीभर फिरते आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही. ती दुसरीत आहे, आणि तुम्ही मला बोट धरून ज्या म्युनिसिपालटीच्या शाळेत नेलं होतं, त्याच शाळेत जाते. माझं शिक्षण तुम्ही गेल्यावर सहावीच्या अर्ध्यात राहिलं. त्यानंतर तुमच्याच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो तो अजून बसलो आहे. त्याचं वाईट वाटत नाही. लुगड्याचे काठ आता मला तुमच्यासारखे सरळ जमतात, असं माय म्हणते, आणि ती उगाच कोणाला चांगलं म्हणत नाही हे तुम्हांला माहीत आहे.

तुम्हांला सांगायचं आहे ते शाळेबद्दल. शाळेचं छप्पर गळत होतं. ज्या सेठजींकडून तुम्ही सूत आणत होता, मीही अजून त्यांचंच सूत विणतो, त्यांनी नवे कवेलू घालून दिले. मोठं काम झालं. मग त्यांनी इच्छा सांगितली की रोज पहिल्या तासाला कीर्तनकार बुवांनी मुलांना धर्म शिकवावा. हेडमास्तर नाही कसं म्हणणार? गणिताचा तास गेला आणि बुवा आले. माणूस गोड, गळा त्याहून गोड. ज्यांचा धर्म वेगळा त्यांनी तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात बसावं, असं ठरलं. कोणाला मारलं नाही, कोणाला काही म्हटलं नाही. फक्त वर्गातली काही मुलं रोज सकाळी पाट्या घेऊन उठायची आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसायची. त्यांच्यात शेजारच्या चाचांची नात होती. ती आणि आपली पोरगी एकाच पट्टीवर बसतात, एकीची पेन्सिल दुसरीच्या पाटीवर चालते. आपल्या पोरीनं पहिल्याच दिवशी घरी येऊन विचारलं, "बाबा, तिनं काय केलं जी? तिले काहून बाहेर काढते?" मी म्हटलं, काही नाही केलं. मग ती म्हणाली, "मंग मी बी काही नाही केलं, मले काहून नाही काढत?"

असे काही महिने गेले. मग एके दिवशी बुवांनी वर्गात विचारलं, कालचा श्लोक कोण म्हणतो? सगळे खाली पाहत बसले. आणि व्हरांड्यातून चाचांच्या नातीनं तो श्लोक अथपासून इतिपर्यंत म्हटला. बाहेर बसून रोज ऐकत होती, पाठ झाला. बुवा हसले, तिला आत बोलावून खडीसाखर दिली, डोक्यावरून हात फिरवला. पोरगी खूश. घरी जाऊन तिनं आईला, आजीला, आल्यागेल्याला तोच श्लोक म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

मी चाचांकडे गेलो. ते मागावरच होते. धोटा थांबवला नाही, तसेच बोलत राहिले. म्हणाले, "बैठ बेटा. काही नाही झालं. घरातल्या बायका कुरकुर करून राहिल्या, बस्स." मी म्हटलं, हेडमास्तरांना सांगू या. तर हसले. "काय सांगतं? सेठ आपला, मास्तर आपला, बुवा भला माणूस. कोणावर रागावू? पोट्टी हाय, घरी कांड्या भरन. जाऊ दे ना." कांड्या भरणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. एकदा मुलगी सुताच्या कांड्या भरायला बसली की ती शाळेत परत जात नाही.

चाचा रागावले असते, तर मी समजूत काढून घरी आलो असतो. ते रागावले नाहीत, म्हणून मला ती सकाळ आठवली. मी नऊ-दहा वर्षांचा आहे. उन्हं वर यायच्या आत गल्लीत ताण्याचे लांब धागे पसरून खळ लावायची आहे आणि त्या दिवशी तुम्ही खुंट्या रोवायचं काम मला दिलं आहे. मी पहाटेच उठून खुंट्या रोवल्या, ताणा ताणून घेतला, आणि तुम्ही कुंचा घेऊन आलात तेव्हा मी छाती काढून उभा आहे. अर्धी खळ लावून झाली. मग तुमचा हात थांबला. मी ताणा चाचांच्या दारावरून नेला होता. चाचा हातात घागर घेऊन दारात आले होते, ओला ताणा पाहून मुकाट आत वळले होते. दुसरा कोणी असता तर ओरडला असता, नाहीतर खालून वाकून गेला असता. पण ते विणकर. ओल्या ताण्याखालून विणकर जात नाही, आणि दुसऱ्याचा ताणा उचल असंही म्हणत नाही, कारण उचलला की काय होतं ते त्याला माहीत असतं. मी म्हणालो, "चाचा तं काही बोलले नाही." तुम्ही माझ्याकडे पाहिलं. "नाही बोलले ना? मंग तुले दिसाले पाह्यजे होतं." आणि तुम्ही खुंट्या उपटल्या. ओलं सूत गोळा झालं, चिकटलं. तो सगळा दिवस तुम्ही आणि माय ओसरीत बसून धागे सोडवत होता. मला जेवायला वाढलं, पण माझ्याशी कोणी बोललं नाही.

तर मी ठरवलं की पालकांच्या सभेत बोलायचं. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचे पाठ द्यायचे नाहीत, असं देशाच्या घटनेत आहे, हे मी वाचनालयात जाऊन वाचलं, दोनदा वाचलं, आणि समजलं तेवढं उतरवून घेतलं. ऱ्हस्व-दीर्घही तपासलं. सभेत कागद कोणी पाहणार नव्हतं, तरी तपासलं. मायला सांगितल्यावर ती चुलीपुढून उठलीच. "सेठजीचं सूत बंद झालं तं काय, घटना विणतं का? आन देवाचं नाव घेतलं तं कोणाचं काय बिघडलं गा? तुह्या बापानं जलमभर भजन केलं." मी म्हटलं, मीही करतो, देवळात करतो. "मंग?" ती रात्रभर कूस बदलत होती, मीही.

सभा रविवारी सकाळी. सेठजी खुर्चीवर, बुवा त्यांच्या शेजारी, आम्ही सगळे सतरंजीवर. चाचा आले नव्हते. मी उठलो आणि कागदावरचं वाचायला लागलो. दोन ओळी झाल्या नाहीत तर मागून आवाज आला, "काय गा, सहावी पास झाला तं वकील झाला का?" दुसरा म्हणाला, "पास कुठचा, नापास हाय थो." लोक हसले. मी वळून सांगितलं की नापास नाही, परीक्षेला बसलोच नव्हतो. ते खरं असल्यामुळे सांगावंसं वाटलं, पण त्यावर लोक आणखी हसले. हेडमास्तर छपराकडे पाहत होते. हसण्यात माझी वाचायची ओळ हरवली. मी कागद खिशात घातला. सेठजी शांतपणे म्हणाले, "बोल ना. तुले काय त्रास हाय? तुही पोरगी तं आत बसते."

माझी आत बसते, म्हणूनच मी बोलू शकतो, असं मला म्हणायचं होतं. ते सुचलं नाही. मी एवढंच म्हणालो की चाचांच्या नातीची शाळा सुटली. तिला कोणी काढलं नाही, तिच्या आजोबांची तक्रार नाही, आणि तरी ती घरी कांड्या भरते आहे. बुवांनी मान वर केली. त्यांना ते माहीत नव्हतं. "थे श्लोकवाली पोट्टी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. आणि पुढे म्हणालो, "आमचे बाबा म्हणत, देव ज्याच्या त्याच्या घरातला, गल्ली साऱ्यांची." आणि खाली बसलो. सेठजी खुर्चीत पुढे झुकले. "तुह्या बापाले मी चांगला वळखत होतो. असं म्हणे थो?" मी म्हटलं, हो.

निकाल मी लावला नाही, बुवांनी लावला. ते म्हणाले, "सेठजी, खरं सांगू का, सकाळी हे पोट्टे उपाशीपोटी जांभया देते. मी देवाचं सांगून राहिलो आन ते घंटीकडे पाहून राहिले. संध्याकाळी देवळात बसतो. येईन तो आपल्या मनानं येईन." हेडमास्तर लगेच म्हणाले की तसं झालं तर गणितही बरं होईल. सेठजी उठून गेले. पुढे काही दिवस सूत आधी इतरांना मिळालं आणि मी रिकाम्या मागासमोर बसून काळजी केली. माय भांडी जोरानं ठेवायची. मग लग्नसराई आली, काठाची लुगडी कमी पडली, आणि सेठजींचा माणूस स्वतः गठ्ठा घेऊन दारात आला. बुवांकडे संध्याकाळी पूर्वीच्या निम्मीही मुलं नसतात, पण जी येतात ती म्हणतात खणखणीत. आपली पोरगी मायचा हात धरून जाते. चाचा माझ्याशी त्या विषयावर आजवर बोललेले नाहीत. पण सभेच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांची नात पाटी घेऊन आपल्या दारात उभी होती. "चाल वं, उशीर होऊन राहिला," एवढंच म्हणाली, आणि दोघी गेल्या. पहिला तास आता गणिताचा आहे. दोघींनाही ते येत नाही.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं आणि जी मी अजून टाळतो आहे. ते वाक्य तुम्ही कधीच म्हटलं नव्हतं. मी उभ्या उभ्या केलं. माझ्या नावावर कोणी ऐकलं नसतं, तुमच्या नावावर ऐकलं. तुम्ही सभेत असता तर माझ्या बाजूनं बोलला असता की भजनी माणूस म्हणून बुवांच्या बाजूनं, हेही मला खात्रीनं माहीत नाही. तसलं काही मी तुम्हांला कधी विचारलं नाही, विचारायच्या वयात येईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. आता ते वाक्य गल्लीत फिरतं आहे. कोणी गल्लीत बैलाची बंडी आडवी लावली की पोरंसुद्धा तुमचं नाव घेऊन ओरडतात. मी आज सकाळी धीर करून मायला खरं सांगायला गेलो. ती पुरणाला चटका देत होती. मी म्हटलं, माय, ते बाबांचं वाक्य. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "मले काय सांगतं? माह्याजवळच म्हणे ना ते, अठीच बसून, हातात भाकर धरून." आणि तिचे डोळे भरून आले होते.

मी काही बोललो नाही. पुढेही बोलणार नाही.