रांगेतला आईचा चाकू

निफाड,
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय निकीताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझी तब्येत बरी असेल असं धरते. इथे पहाटे अजून गारठा आहे. मागच्या बागेतली द्राक्षं उतरायला आली आहेत. व्यापारी दोनदा येऊन गोडी मोजून गेला, भाव मात्र बोलत नाही. माझं ओझरच्या धातू तपासणीच्या प्रयोगशाळेतलं काम नेहमीसारखं चालू आहे.

अण्णा काम करत आहेत. तू आईच्या दहाव्याला आलीस आणि त्यांच्याशी न बोलता गेलीस, त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी भट्टी पेटवली. चाकू घडवायला सांगून ठेवलेल्यांपैकी कोणीच माघार घेतली नाही. गोव्याच्या हॉटेलातला ओम शेफ दोन वर्षं थांबला आहे. त्याचा मेसेज आला, "अण्णांना म्हणावं, सावकाश." बाकीच्यांचंही तेच. आई गेल्यावर लोक थांबायला जास्तच तयार झाले. मला ते मेसेज वाचवत नाहीत.

त्याचं कारण तुला माहीत आहे. कोणी उशिराबद्दल कुरकुर केली की अण्णा म्हणायचे, "माझ्या बायकोचा चाकूबी रांगेतच हाय." पुढे गिऱ्हाइकांना उत्तरं मी द्यायला लागले, तेव्हा मीही हेच वाक्य लिहायचे. त्यावर कोणी काही बोलत नसे. आई चहा घेऊन यायची आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणायची, "नवरात्रात वणीच्या गडावर एवढी रांग नसते. आन तिथं निदान देवी तरी दिसते." अण्णा हसायचे. नंबर बदलायचे नाहीत.

तू त्यावरून भांडलीस. आईची बोटं बघा, तिचा आधी करा, म्हणालीस. त्यांचं उत्तर होतं, "घरच्यासाठी आज रांग मोडली, तर उद्या कोणत्या तोंडानं दुसऱ्याला थांब म्हणू?" तू बॅग उचललीस. मी मध्ये बोलले नाही. मला तेव्हा त्यांचं म्हणणं बिनचूक वाटलं होतं.

शाडूचे गोळे फळीवर तसेच मांडलेले आहेत. पद्धतही तीच. माणसाने अंगठी काढून, हात धुऊन ओला गोळा मुठीत आवळायचा आणि अण्णांनी त्यावर काडीने नाव कोरायचं. शाडू वाळताना आकसतो, म्हणून त्या ठशावरून चाकूची मूठ करताना ते लाकूड थोडं जास्त ठेवतात आणि शेवटची घासणी त्या माणसाच्या हातात चाकू देऊनच करतात. आईच्या गोळ्यावर नाव नाही. संधिवाताने वाकलेली ती बोटं नावाशिवाय ओळखू येतात.

संक्रांतीनंतर तिचा नंबर आला.

मी म्हटलं, हा राहू द्या, पुढचा घ्या. ते म्हणाले, "रांग म्हंजे रांग." त्यांनी पातं घडवलं, तापवून पाणी दिलं आणि नेहमीप्रमाणे तपासायला माझ्याकडे दिलं. मी ते प्रयोगशाळेत नेलं. कठीणपणा टोकापासून बुडापर्यंत सारखा होता. त्यांच्या हातची इतकी पाती मी तपासली आहेत, इतकं निर्दोष एकही नव्हतं. घरी येऊन मी सांगितलं की धारेजवळ तडा आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

त्यांनी काही न विचारता पातं बाजूला ठेवलं आणि दुसरं सुरू केलं. दुसऱ्या वेळीही मी तेच सांगितलं.

मी मापात खोटं बोलत नाही, हे तुला माहीत आहे. असं का केलं, ते लिहिते. आईचा चाकू पुरा झाला की ते भट्टीपाशी बसायचे नाहीत, अशी मला भीती वाटली. अण्णा भट्टीपाशी असतात तेव्हा वेळेवर जेवतात. काम नसेल तेव्हा ते पक्कड घेऊन बागेत जातात आणि मांडवाच्या तारांची सुटी टोकं शोधतात. आईच्या हाताला लागलेली तार त्यांना शोधून काढायची आहे. आपल्या बागेतली सगळी टोकं त्यांनी आत वळवली. मग बांध ओलांडून मोतीरामकाकांच्या बागेत गेले. काकांचा मला फोन आला.

"सायली, तुझा बाप माझ्या तारा वाकवत फिरतोय. माल उतरायचाय माझा. मजूर हसत्यात गं."

"मी सांगते त्यांना."

"सांगू नको, घेऊन जा. मी त्याला काय बोलू? परवा मला म्हणला, मोतीराम, तुझ्याकडं ती छाटणीला आली होती का. मी म्हणलं, नाय दादा. तर म्हणे, आठवून सांग."

मी अर्धा दिवस रजा टाकून त्यांना घेऊन आले. रस्त्यात ते एवढंच म्हणाले, "तार गंजलेली आसंल. नव्या तारेनं एवढं होत नाय."

ताई, तार नव्हती.

आई डांगर कापत होती. जुन्या चाकूची मूठ फुटली होती, तिने ती सुतळीने गुंडाळली होती. अंगठा वळत नसल्यामुळे पकड बसत नव्हती. पातं सालीवरून घसरून तिच्या डाव्या तळहातात गेलं. मी समोर बसून लसूण सोलत होते. तिने हात नळाखाली धरला, हळद दाबली आणि मला म्हणाली, "बागेत तार लागली म्हणून सांगायचं." मी का विचारलं. "चाकू म्हणलं तर ते पुन्हा भट्टी लावायचे नाहीत. एवढी माणसं थांबलीत त्यांच्यासाठी."

तिची साखर आधीच जास्त होती. हात सुजला, ताप आला, आम्ही तिला नाशिकला हलवलं. डॉक्टरांनी कशाने कापलं विचारलं, तेव्हा तिने तारेने असं सांगितलं आणि मी मान डोलावली. पुढचं तू पाहिलंस. उपचारात त्याने फरक पडला नसता, हे मी नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. ते नाही म्हणाले. मी अजून एकाला विचारलं.

तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू बरोबर होतीस. तू ते त्यांच्या तोंडावर म्हणाली असतीस.

गेल्या आठवड्यात अण्णांनी जेवताना ताटाशेजारी गंजक्या तारेचा तुकडा ठेवला. "हीच का?" म्हणाले. मी म्हटलं, "असेल." त्यांनी तुकडा बाजूला सारला. मग विचारलं, "तिचा जुना चाकू कुठंय? दिसत नाय." टाकून दिला, असं मी सांगितलं. तो माझ्या ओझरच्या कपाटात आहे.

तिसरं पातं त्यांनी मला तपासायला दिलंच नाही. सोमवारी मी कामावरून आले, तर ते मूठ बसवत होते. मी म्हटलं, "तपासायचं राहिलं."

"नको."

"अण्णा, आत दोष असला तर कळणार नाही."

त्यांनी ऐरणीखालून आधीची दोन्ही पाती काढली. दोन्ही शेकहँडाच्या शिकंज्यात धरून मोडलेली होती. तडा असता तर मोडीत, म्हणजे तुटलेल्या कडेत, ती जागा काळी दिसली असती. दोन्हींची मोड एकसारखी राखाडी, बारीक दाण्याची होती. मी ती उजेडात धरून पाहिली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"तुझं मशीन खोटं बोलत नाय," ते म्हणाले. "मंग कोण बोललं?"

मी तुकडे ऐरणीवर ठेवले. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. लाकडाची भुकटी फुंकून ते म्हणाले, "निकीला बोलाव. शेवटची घासणी तिच्या हातात देऊन करतो, तिचा हात आईवर गेलाय. आन शेवटी शेवटी आई तिच्याशी रोज फोनवर बोलायची. निकीला विचारतो मी. ती भांडंल, पण खोटं नाय सांगायची."

म्हणून हे पत्र.

आईने तुला फोनवर काय सांगितलं, मला माहीत नाही. बहुतेक तारच सांगितली असेल. मग तू त्यांना तार म्हणाली असतीस आणि ते खरं धरून बसले असते, मरेपर्यंत पक्कड घेऊन हिंडले असते. मी पत्र न लिहिता तुला नुसतं बोलावलं असतं, तर हेच झालं असतं. दोन दिवस मी तसं करायच्या विचारात होते. पण त्यांनी तुला बोलावलंय ते खरं ऐकायला. तुझ्या तोंडून माझंच खोटं त्यांच्यापुढे ठेवणं मला जमलं नाही.

खरं कळल्यावर ते काय करतील, याचा मला अंदाज नाही. आईला होता. भट्टी कायमची विझेल आणि फळीवरचे गोळे तिथेच राहतील, असं ती धरून चालली होती. तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

रविवारी सकाळी ये. तुझा हात त्या मुठीत बसणार नाही, तुझी बोटं सरळ आहेत. हे त्यांनाही कळतं. तरी त्यांनी तुझ्यासाठी, सगळ्या गिऱ्हाइकांना देतात तोच निरोप दिला आहे. अंगठी काढून, हात धुऊन यायचं.

ते नवा चाकू तुझ्या हातात देतील आणि विचारतील. मी तिथेच उभी असेन, आईचा जुना चाकू माझ्या पिशवीत असेल. तू तार म्हणालीस तर पिशवी उघडणार नाही. चाकू म्हणालीस तर तो बाहेर काढून त्यांच्यासमोर ठेवीन.

याही वेळी मध्ये न बोलणारी,
सायली