सुलतानाच्या खंजिराला कुंकू

शारजा,
गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

ती. शोभनाताईंना वैभवीचा नमस्कार.

आम्ही इथं सगळे बरे आहोत. आईही बऱ्या आहेत. जेवण व्यवस्थित आहे, कंबर कमी दुखते, काल कोजागरीचं दूध दोनदा मागून प्यायल्या. तुमच्या पायाचं प्लास्टर निघालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. आता उगाच जिना चढ-उतर करू नका.

पत्र बघून तुम्ही दचकाल. या जमान्यात पत्र कोण लिहितं? पण तुमचा फोन तुमचा लेक सिद्धांत हाताळतो, माझा मी घरी आले की आईंच्या हातात असतो, आणि हा विषय फोनवर लिहायचा नाही अशी धनंजयची सक्त ताकीद आहे. शेजारची मुग्धा उद्या साताऱ्याला माहेरी निघालीय. वाईला येऊन तुमच्याच हातात देईन म्हणालीय.

धनंजयने तुम्हाला सांगितलंच असेल की आईंचं तिकीट अलीकडे आणलं. नोव्हेंबरऐवजी येत्या सत्तावीसला, मुंबईला. "आईला करमत नाही" असं कारण सांगितलं असेल. ते खोटं आहे. खरं कारण म्हणजे दसऱ्याला आम्ही एका म्युझियममध्ये गेलो होतो आणि तिथं आईंनी एक प्रकार करून ठेवला.

मलेशियातल्या एका सुलतानाच्या गावचं म्युझियम सध्या इथून जवळच्या उम्म अल कुवैनला पाहुणं आलंय. त्यांच्या राजघराण्याच्या वस्तू, लाकडी घरं, लग्नाचा मंडप, असं सगळं एका मोठ्या हॉलमध्ये मांडलंय. अनन्याच्या शाळेत त्याच्यावर प्रोजेक्ट होता. शनिवार होता, धनंजयला सुट्टी, म्हटलं दसरा आहे, आईंनाही फिरवून आणू. सकाळी घरी पूजा झाली. धनंजयचा लॅपटॉप, माझी सुरी, गाडीची किल्ली, सगळ्याला आईंनी हळद-कुंकू लावलं. मी गंमतीने म्हटलं, "आई, मिक्सर राहिला." तर त्यालाही लावलं.

सुरुवातीला फार छान गेलं हो. तिथं दाखवायला हिबा नावाची एक मलेशियन बाई होती. साधारण तुमच्या वयाची, गोल चेहऱ्याची, डोक्याला रुमाल, अंगात पायघोळ झगा. तिने सांगितलं की त्यांच्याकडे पिवळा रंग पूर्वी फक्त राजघराण्याचा असायचा, इतरांनी घालायची टाप नव्हती. आईंनी नेमकं हळदी लुगडं नेसलेलं. हिबा हसून म्हणाली, म्हणजे आज आमच्याकडे महाराणीच आल्यात. मी ते मराठीत सांगितल्यावर आईंनी पदर असा काही सावरला की बघत राहावं.

पुढे एका काचेत सोन्याचा पानाचा डबा होता. चुन्याची डबी, कात, सुपारी आणि पक्ष्याच्या आकाराचा अडकित्ता. आई काचेला नाक लावून म्हणाल्या, "आगं, ह्यो तर आपला पानाचा डबा! ह्यांच्यात बी पान खात्यात व्हय?" मग पाण्याची बाटली घेतली, दोन दिरहम म्हणजे शेहेचाळीस रुपये झाले म्हणून मला ओरडल्या. म्हणजे डोकं एकदम जागेवर होतं, ताई. हे मी मुद्दाम लिहितेय.

शेवटी हिबा खंजीर दाखवायला लागली. क्रिस म्हणतात त्याला. पातं सरळ नसतं, नागमोडी असतं. सुलतानाच्या घरचा, तीनशे वर्षांपूर्वीचा म्हणाली. तो काचेत नव्हता. लोकांना जवळून बघता यावा म्हणून पिवळ्या मखमलीच्या उशीवर ठेवलेला, भोवती नुसती दोरी. हिबा अनन्याला काहीतरी समजावत होती, धनंजय फोनवर होता, मी फोटो काढत होते. आणि अनन्या किंचाळली, "आजी, डोन्ट टच इट!"

बघते तर आई दोरीखालून आत गेलेल्या. पर्समधला करंडा उघडलेला. खंजिराला हळद लावून झाली, कुंकू लावून झालं, वर सकाळच्या पूजेतलं झेंडूचं फूल, आणि दोन्ही हात जोडून, डोळे मिटून उभ्या!

सिक्युरिटीवाला "मम्मी, नो, नो!" करत धावला, वॉकीटॉकीवर बोलायला लागला. दोन मिनिटांत कंदुरा, म्हणजे तो पांढरा अरबी झगा, घातलेले मॅनेजर आले. हे लाल काय आहे, केमिकल आहे का, सगळं विचारलं. मी सांगू काय? आमच्यात आज शस्त्रांची पूजा असते, हे इंग्लिशमध्ये नीट सांगताच येईना. परक्या देशात, परक्या धर्माच्या राजाच्या शस्त्राला आपण कुंकू लावून ठेवलंय. त्यांनी धनंजयचा आयडी मागून घेतला, त्याचा फोटो काढला. धनंजय सारखा "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत होता. तुमच्या भावाला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

हिबाने मात्र कमाल केली. मऊ फडक्याने ते हलकेच पुसून घेतलं, पातं उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, काही झालेलं नाही. आमच्या गावातही वर्षातून एकदा खंजिराला लिंबू लावतात, धूप दाखवतात. आजींना माहीत होतं, आम्हीच विसरलो. मग मॅनेजर पण जरा हसले. "खलास, खलास, गो." निघताना आईंनी हिबालाही कुंकू लावलं. एवढंच.

पण आयडीचा फोटो त्यांच्याकडे राहिलाच ना! तेव्हापासून धनंजयची झोप उडालीय. अनोळखी नंबर दिसला की घाम फुटतो. कंपनीत आधीच माणसं कमी करताहेत, त्यात असलं काही निघालं तर व्हिसा कॅन्सल, यल्ला, चला इंडिया. माझ्या मते काही होणार नाही, इन्शाल्ला. पण तो ऐकेना. "काही निघायच्या आत आईला पाठवून देऊ" म्हणून त्याच संध्याकाळी तिकीट बदललं. एकटीला. व्हीलचेअर सांगितली की एअरलाइनची माणसं इथून बसवतात, तिथं उतरवतात, सिद्धांत बाहेर उभा राहील. सगळे म्हातारे असेच जातात, म्हणतो.

ताई, एवढं लिहून मघाशी मी पेन ठेवलं होतं. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात पुढे जाईना. खरं लिहायचं ते राहिलंच आहे. लिहिते. रागावा, पण पूर्ण वाचा.

आई बऱ्या नाहीत.

हिबाला त्यांनी कुंकू लावलं ते कसं, ते सांगते. तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "शोभे, कवा आलीस गं? आन् डोक्याला ह्ये काय गुंडाळलंयस?" मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हिबाला भाषा कळेना, ती बिचारी हसून मान हलवत राहिली. आईंनी तिचा हात धरला आणि दाराकडे चालायला लागल्या. "चल, घरी जाऊ. भाऊ वाट बघत असतील." तुमच्या वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली, ताई. मी हात सोडवायला गेले तर माझ्याकडे असं बघितलं की ही कोण बाई मधेच कडमडली. धनंजय तेव्हा मॅनेजरशी बोलत होता. त्याने हे बघितलंच नाही.

आणि हे पहिल्यांदा नाही. सप्टेंबरमध्ये मी ऑफिसातून आले तर दार उघडं, आई गायब. लिफ्टने खाली उतरून भर उन्हात अनवाणी, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारत होत्या, "वाईची एसटी कुठं लागते?" तो मल्याळी माणूस, त्याला काय कळणार! पण त्याने खुर्ची दिली, ताक दिलं आणि मला फोन केला. पायाला फोड आले होते. धनंजयला मी सांगितलं की चप्पल लागली.

का नाही सांगितलं, म्हणाल. एकदा सांगायला गेले होते. आई गॅस चालू ठेवून विसरल्या, तेव्हा. तर म्हणाला, "तुला माझ्या आईचं कधी काही चांगलं दिसतंच नाही. वय झालं की विसरतात माणसं." त्यानंतर माझी हिंमत झाली नाही. आणि तुम्हाला सांगायची तर त्याहून नाही. खरं सांगू? मला तुमची भीती वाटत होती. तुम्ही आईंना सहा वर्षं सांभाळलंत. पाय मोडला म्हणून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे पाठवलंत, आणि तीन महिन्यांत मी त्यांची ही दशा करून पाठवली असंच सगळे म्हणणार. ठणठणीत गेल्या होत्या, सुनेनं काय केलं कुणास ठाऊक. सुनेच्या नावाने बिल फाडायला वेळ लागत नाही आपल्याकडे. म्हणून रोज फोनवर "आई मजेत" म्हणत राहिले आणि रोज रात्री जिवाला टांगणी.

तुमच्याकडे असताना असं काही झालं होतं का हो? झालं असेल तर मी बोल लावणार नाही. तुम्हीही माझ्यासारख्याच घाबरून गप्प राहिला असाल.

आता माझी विनवणी ऐका. सिद्धांतला एअरपोर्टवर पाठवू नका. तुम्ही स्वतः इकडे या. मी ट्रॅव्हलवाल्याशी बोललेय, तुमचा व्हिसा चार दिवसांत होतो. तुमच्या पायाचं मला माहीत आहे, तुमच्यासाठीही व्हीलचेअर सांगू, लाज कसली. इथल्या एका चांगल्या डॉक्टरांना आपण दोघी मिळून दाखवू, आणि मग तुम्ही त्यांना घेऊन जा किंवा इथंच राहू द्या, तुम्ही म्हणाल ते. धनंजयला मी आज रात्री सगळं सांगणार आहे. आरडाओरडा करील. करू दे. तुम्ही येताय म्हटल्यावर गप्प बसेल, तुमच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

एकट्या आईंना मी विमानात बसवणार नाही, ताई. व्हीलचेअर ढकलणारी मुलगी फॉर्म भरायला दोन मिनिटं वळेल. तेवढ्यात समोरून तुमच्या वयाची, गोल चेहऱ्याची कुणीतरी बाई जाईल. आई उठतील, तिचा हात धरतील आणि "चल शोभे" म्हणून तिच्याबरोबर निघून जातील. कुठे जातील, कोण बाई असेल, काही कळायचं नाही. सारखं तेच दिसतं मला. भाजी चिरताना दिसतं, ऑफिसात दिसतं.

पत्र मिळालं की फोन करू नका, मुग्धाकडे फक्त "येते" एवढं सांगा. मंगळवारी तुमचा फोन आला होता ना, आणि आईंनी लगेच ठेवला? नेटवर्क नव्हतं असं मी म्हटलं. ते नेटवर्क नव्हतं. आई मला म्हणाल्या, "कोण बाई हाय कुणास ठावं, शोभाचं नाव सांगतीया. शोभा तर शाळंत गेलीया."

अजून कधीकधी सकाळी चहा घेताना एकदम स्वच्छ बोलतात. तुमचा पाय कसा आहे विचारतात, तुमच्या आठवणीने रडतात. तोवर या, ताई.

तुमची वाट बघणारी,
वैभवी