कटिंग मशीनचा पक्का भाव

४ तारीख, सोमवार
रोजनिशी लिहायची बारा दिवस राहून गेली. कबूल. आळस नाही, मोठ्या कामाची मनात जुळवाजुळव चालली होती. मामाच्या बाइंडिंगच्या कारखान्यातल्या सात मशिनींचा घसारा काढायचाय. म्हणजे दरवर्षी कुठलीची किंमत किती झिजली ते. मामा म्हणाला, शनिवारपर्यंत तक्ता दे, नाहीतर बॅग भर आणि बापाकडे जा. ही माझी चौथी नोकरी. जाणार नाही म्हणजे नाही!

५, मंगळवार
रकाने आखायला हिरवी शाई हवी. आणायला गेलो, तर वाटेत एकजण मोटरसायकल खोलून बसलेला. संध्याकाळ झाली. कार्ब्युरेटर मात्र समजला.

६, बुधवार
कटिंग मशीन. खरेदी आठ लाख, आयुष्य दहा वर्षं, वर्षाला झीज ऐंशी हजार, सहा वर्षं झाली. उरले तीन लाख वीस हजार. एका दमात! कारखान्याचे हिशेब तपासणाऱ्या सीएबाई म्हणाल्या, आता इम्पेअरमेंट बघ. म्हणजे, वहीत लिहिलीय तेवढी तिची किंमत खरंच आहे का? मशीन चालवणाऱ्या मास्तरांना विचारलं. म्हणे, ही आहे म्हणून कारखाना, बाकीच्या सहा म्हणजे फर्निचर. हा काय आकडा झाला?

७, गुरुवार
मामी म्हणाली, बाजारभाव लिही अंदाजे, कोण बघतंय! अंदाज भित्र्यांनी लावावा. मी सरळ जाहिरात टाकली. ‘विकणे आहे.’ फोटो, पत्ता, माझा नंबर.

८, शुक्रवार
फोन आला. साडेतीन लाख! पण तोंडी भाव म्हणजे हवा. विचारलं, पक्कं का? गृहस्थ म्हणाले, तुमचं पक्कं तर आमचं पक्कं. म्हटलं, पक्कं. त्यांनी लगेच बयाणा पाठवला, मी पावती पाठवली. याला म्हणतात पुरावा. वहीतल्यापेक्षा तीस हजार जास्तच, म्हणजे इम्पेअरमेंट शून्य!

९, शनिवार, सकाळी ९.४०
तक्ता दिला. मामाने दोनदा वाचला, पाठीवर थाप मारली, म्हणाला, राहा. सीएबाईंनी विचारलं, भाव आणलास कुठून? म्हटलं, ओळखी लागतात. खाली मास्तर शाळेच्या वह्या कापतायत. आठ हजार, सोमवारी द्यायच्या.

९.५५
तक्त्यातला एक आकडाही मी बदलणार नाही. तो बरोबरच आहे. फक्त दारात टेम्पो लागलाय. चार हमाल, दोरखंड, लोखंडी पहार. पुढे एक गृहस्थ, मास्तरांना म्हणतायत, आजोबा, जरा बाजूला सरका, मशीन न्यायला आलोय.