मामाची कंबर आणि वल्लरीचं लग्न

२ नोव्हेंबर
ठरलं! लग्नात हार घालायच्या वेळी भाचीला, वल्लरीला, मीच उचलणार. नवऱ्या मुलाचे मित्र सगळे रोडपालीच्या जिममधले. ते त्याला छतापर्यंत नेणार, आणि आम्ही मुलीकडचे काय टाळ्या वाजवणार? वल्लरी स्वतः म्हणाली, मामा, तूच उचल, दुसरं कोणी नको. डोळ्यांत पाणीच आलं. पाठ मजबूत करायला रोइंग मशीन, म्हणजे घरबसल्या वल्हवायचं यंत्र, मागवलंय. सुनीता म्हणाली, आधी गॅसचा सिलिंडर हलवून दाखवा. घरच्या बायकोचा हा विश्वास!

५ नोव्हेंबर
मशीन आलं. टीव्हीसमोर मांडलं. माहितीपत्रक म्हणतं, आधी पायांनी ढकला, पाठ सरळ ठेवा, हात शेवटी. हे नवख्यांसाठी. आमचे आजोबा रोज होडीतून खाडी ओलांडून कचेरीत जायचे. (वल्हवायचा नावाडी. पण शेजारी बसूनही माणूस शिकतोच.) मी सरळ कमरेने ओढतो. ताकद तिथेच तर यायला हवी.

६ नोव्हेंबर, सकाळ
कंबर किंचित जड. स्नायू तयार होतायत.

संध्याकाळ
मोजे सुनीताने काढले.

१४ नोव्हेंबर
सुनीताने जबरदस्तीने फिजिओथेरपिस्टकडे नेलं. इरा नावाची पोरगी. मला वाकायला लावलं. म्हणे, तुम्ही खुब्यातून वाकतच नाही, नुसती पाठ गोल करता. असंच ओढत राहिलात तर स्नायू थकतील आणि सगळा भार मणक्यावर येईल. मशीन बंद, वजन उचलायचं नावही काढू नका. वजन! वल्लरी काय वजन आहे? भाची आहे.

२२ नोव्हेंबर
सुनीता भाजीला गेली. मशीनवर वाळत घातलेले टॉवेल काढून दणदणीत रोइंग केलं. फारच छान वाटलं. मग उठता येईना. ती आल्यावर सांगितलं, ध्यान करतोय.

३ डिसेंबर
वल्लरीचा फोन. मामा, त्रास होत असेल तर राहू दे, विश्वजीतदादा उचलेल. म्हणजे सुनीताने चुगली केली! आणि विश्वजीत कोण? चुलतभाऊ! सख्खा मामा जिवंत असताना? छे! म्हटलं, ठणठणीत आहे मी. फोन ठेवून आडवा झालो.

११ डिसेंबर, नेऱ्याचं फार्महाऊस, वधूपक्षाची खोली
आडवाच आहे.
मंगलाष्टका संपल्या. तिकडे नवरा मुलगा वर गेला. इकडे विश्वजीत सरसावला, त्याला कोपराने मागे सारलं. वाकलो. कमरेत कट्ट झालं. वल्लरी जमिनीवरच, आणि मी वाकलेला, नेमका मुलाचे वडील काशिरामराव यांच्यासमोर. त्यांना वाटलं, पाया पडतोय. अहो मामा, भलतंच काय, म्हणत तेही वाकले. मी उठेना, म्हणून तेही उठेनात. मानापानाचा प्रश्न. गुरुजी थांबले. फोटोग्राफर तेवढा थांबला नाही.
शेवटी वल्लरीने शालूचा पदर खोचला आणि मला काखेत हात घालून उचललं. जावईबापू खाली उतरून आले, त्यांनी पाय धरले. सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या.
खोलीत ठेवताना वल्लरी म्हणाली, मामा, तू वाटतोस तेवढा जड नाहीस रे.