खळीचा शेवटचा हात

आबा,

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या कितीतरी पुढे मी आले. या वयात माणसं आपल्या बापाविषयी गोड बोलायला लागतात. मला परवा ती संधी चालून आली होती आणि मी ती घालवली. राहुरीच्या अलीकडे एका मळ्यात हल्ली हस्तकलेचं केंद्र निघालंय. पुण्या-मुंबईची माणसं तिथं दोन दिवस राहायला येतात, कुणी मडकी घडवून बघतं, कुणी टोपली विणतं, चुलीवरचं जेवतात आणि परत जातात. घोंगडीसाठी मला बोलावतात. त्यांनी माग बसवलाय, मागाच्या खड्ड्याला चक्क गुळगुळीत फरशी लावलीय. तुम्ही असता तर म्हणाला असता, ह्यात काय अंघोळ करायची का? मला मात्र तिथं जायला आवडतं. पोरी शिकायला बसतात, चार ओळी विणून होतात न होतात तोच फोटो काढतात, पण विचारतात मनापासून. परवा तिथली चालक पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "आजी, तुमचे पहिले गुरू म्हणजे तुमचे वडीलच ना?" मी म्हटलं, "नाही. राहुरीच्या सरकारी वर्गात शिकलेल्या एका बाईनं मला खरं काम शिकवलं." पोरगीचा चेहरा पडला. बापाकडून लेकीकडे आलेली परंपरा असं तिनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. घरी आले तरी माझं डोकं तापलेलंच होतं, म्हणून हे लिहायला बसले.

खोटं कशाला बोलू, मागावर मला तुम्हीच बसवलंत. आपल्यात बाई मागावर बसत नसे. बायकांनी लोकर पिंजायची, सूत कातायचं, आणि खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचं ते पुरुषांनी. तुम्हाला मुलगा नव्हता. मी परकर घालत होते तेव्हाची गोष्ट. माझे पाय मागाखालच्या, पायानं दाबायच्या पावड्यांना पोचत नव्हते, म्हणून तुम्ही पावड्यांच्या दोऱ्या आखूड करून दिल्यात. मी उठले की स्वतः बसण्याआधी त्या सोडून पुन्हा लांब बांधायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आखूड करायच्या. कितीतरी महिने तुम्ही हे न कंटाळता केलंत. शेजारचे काका एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "लेकीला मागावर बसवतोयस, उद्याच्याला मिशा फुटतील तिला." तुम्ही धोटा न थांबवता म्हणालात, "फुटू दे. ल्योक हाय त्यो माजा." ते ऐकून मी दिवसभर हवेत होते. आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, बकरीलासुद्धा सांगितलं असेल.

आणि मग खळीचा दिवस यायचा. उभ्या सुताला खळ पाजल्याशिवाय घोंगडी विणता येत नाही, सूत तुटतं. सकाळीच अंगणात चूल पेटायची. भाजून, सोलून भिजवलेले चिंचोके मी पाट्यावर वाटायची, तुम्ही ते काहिलीत शिजवायचे, आणि ढवळायचं काम माझं. धूर डोळ्यांत जायचा, हात भरून यायचे, पण मला त्या कामाचा गर्व होता. खळ दाट होऊन उतरायला आली, की तुम्ही म्हणायचे, "जा गं, आडावरनं कळशी आन." मी पळत जायची. परत येईपर्यंत खळ खाली उतरलेली असे, आणि तिचा वास बदललेला असे, जरा उग्र. मग कुंच्यानं ती सुतावर फिरवताना माझे हात खाजायचे. "चिंचोका नवा हाय, खाजायचाच," तुम्ही म्हणायचे. तुमच्या पिशवीत कधीकधी माळावरून उपटून आणलेला कोळकांदा दिसायचा, ज्याला जनावरही तोंड लावत नाही तो कडू रानकांदा. मी विचारलं तेव्हा म्हणालात, पायाला कुरूप झालंय, त्यावर बांधायला लागतो. मला किती वाईट वाटायचं तुमच्या पायाचं! मी रात्री तेल लावून द्यायची. आबा, तुमच्या पायाला कधी कुरूप झालंच नव्हतं.

तिसगावच्या बाजारात तुमच्या घोंगडीचं नाव होतं. तिला कसर लागत नाही, हे पार पाथर्डीपर्यंत माहीत होतं. इतरांच्या घोंगड्या पेटीत ठेवल्या की किडा त्यांना खाऊन टाकायचा, तुमची मात्र वर्षानुवर्षं तशीच. माझं लग्नसुद्धा त्या घोंगडीनंच जमवलं. राहुरीकडच्या माझ्या सासऱ्यांचाही माग होता, त्यांनी मला बघितलं कमी आणि मी विणलेलं जास्त बघितलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "आपल्यात बाय मागावर बसत न्हाई. पर तू बस. बापाच्या हातची खळ कर." मी केली. तुम्ही शिकवलेली, तशीच्या तशी. हात खाजले नाहीत, तर वाटलं, इकडचा चिंचोका जुना असेल. पुढच्या पावसाळ्यानंतर, बहात्तरच्या दुष्काळानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं त्या दिवसांत, एक म्हातारा मेंढपाळ दारात आला आणि त्यानं माझी घोंगडी उन्हात धरली. तिच्यातून ठिपक्याठिपक्यांनी ऊन खाली पडलं. "पोरी," तो म्हणाला, "ही घोंगडी हाय का चाळन?" घरातला गठ्ठा सोडून बघितला तर त्यातही तेच. मी विणलेली एकही कसरीतून सुटली नव्हती.

सासरे ओरडले नाहीत. मला समोर बसवून म्हणाले, "तुज्या बापाची जल्मभर टिकती आन तुजी एक पावसाळा न्हाई. खरं सांग, काय लपवून ठिवलंस?"

"कायबी न्हाई मामा. आबांनी शिकवलं तेच केलंय."

"मंग दोघांतलं कोन खोटं? तू का तुजा बाप?"

मी म्हटलं, "माजा बाप खोटा न्हाई." असं ठणकावून सांगितलं, आबा. सासऱ्यांच्या तोंडावर. त्या दिवसापासून मला मागाला हात लावायची बंदी झाली. जाऊबाईंच्या शेजारी बसून मी सूत कातायला लागले आणि घरात सगळे मला माहेरची चोर समजायला लागले.

तुम्ही त्याच हिवाळ्यात राहुरीला आला होता. दुष्काळी कामं निघाली होती, बहुतेक ठिकाणी खडी फोडायची. पण सरकारनं एक घोंगडी विणकामाचा वर्गही काढला होता, आणि तुम्हाला तिथं मास्तर नेमलं होतं. मला केवढा आनंद झाला. वाटलं, आबा सासऱ्यांना येऊन सांगतील, कुठं चुकलं ते दाखवतील. नवऱ्याला विचारून मी एका सकाळी चालत वर्गावर गेले. पत्र्याची शेड होती. आत माणसं मांडी घालून बसलेली, त्यात बायाही होत्या, ज्यांच्या घरात कधी माग नव्हता अशा. काहिलीत खळ शिजत होती. तुम्ही पाटा पुढे घेऊन कोळकांदा वाटत होता आणि मोठ्यानं सांगत होता, "ह्यो नसंल तर कसर लागंल. ध्यानात ठिवा. खळ उतरायच्या वक्ताला घालायचा, आधी न्हाई." मी दारात उभी राहिले. मला सगळं एकदम कळलं. ती कळशी, तो वास, ते कुरूप. आणि तेवढ्यात तुम्ही मान वर करून मला बघितलंत. तुमचा हात थांबला. पदर सारखा करायच्या आत तुम्ही म्हणालात, "कवा आलीस गं? जा, हौदावरनं तांब्याभर पानी आन."

त्या साली हौदात पाणी कुठं होतं आबा? हौद ठणठणीत कोरडा होता, तुम्हालाही माहीत होतं. एवढ्या परक्या माणसांसमोर कोळकांदा वाटताना तुम्हाला काही वाटलं नाही, आणि मला बघून तुम्ही पाट्यावर टॉवेल टाकलात. मी गेले. सवयीनं गेले. कोरड्या हौदाजवळ उभी राहिले आणि मग मात्र रडू आलं.

दुपारी निंबाखाली भाकरी खाताना मी विचारलं. तुम्ही भाकरीकडे बघत म्हणालात, "लेकीला शेवटचा हात दाखवत न्हाईत आपल्यात. तुज्या आज्यानं तुज्या आत्याला दावला न्हवता. सुनंला दावत्यात. लेक काय, दुसऱ्याच्या घरात घिऊन जाती."

म्हणजे आईला माहीत होतं. ती या घरची सून. तीही माझे खाजरे हात धुऊन द्यायची आणि गप्प राहायची.

"आन ह्या लोकांना दावलं ते?"

"ह्यांचा बाजारात माग न्हाई. सरकारनं पोटापान्यासाठी शिकवाया सांगितलंय, शिकवतो. तुज्या सासऱ्याला गेलं तर आपलं घर बसंल."

"आपलं घर म्हंजे कुनाचं, आबा? तुमाला ल्योक कुटाय?"

तुम्ही पाणी प्यालात, तोंड पुसलंत आणि म्हणालात, "पुतन्या हाय की."

एवढंच. इतके महिने तुम्ही दोऱ्या आखूड करून बांधल्या, लोकांसमोर ल्योक म्हणून मिरवलं, आणि प्रसंग आला तेव्हा घर पुतण्याचं निघालं. मी तुमच्यासाठी सासऱ्यांच्या तोंडाला लागले होते. मला ते तुम्हाला सांगावंसंही वाटलं नाही.

परत निघाले तर वर्गातली एक बाई मागून हाका मारत आली. दोन लेकरांची आई, नवरा गेलेला, बौद्ध वस्तीत राहणारी. तिनं हे सगळं लांबून बघितलं होतं. म्हणाली, "तुला म्हाईत न्हाई व्हय? मास्तरांची लेक ना तू?" मी मान हलवली. तिनं मला रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं आणि सांगितलं. कांदा कुठल्या माळावर मिळतो, किती वाटायचा, खळ किती दाट झाली की घालायचा, हाताला आधी तेल कसं लावायचं. मध्येच म्हणाली, "रडू नगं, ध्यान दे. दुसऱ्यांदा सांगाया मला बी येळ न्हाई." तिला तुम्ही शिकवलंत याचा मला कधीच राग नव्हता. तुमच्या हातून झालेलं ते चांगलंच काम, त्या विद्येवर तिनं दोन्ही लेकरं मोठी केली. पुढे आमचं जाणंयेणं राहिलं. एकदा मी तिला विचारलं, मास्तरांनीच तुला माझ्यामागे पाठवलं होतं का? फार वर्षं मनात धरून ठेवलेला प्रश्न होता तो. ती म्हणाली, "न्हाई गं. मास्तर कायबी बोल्ले न्हाईत. तुजं तोंड बघवंना म्हनून आले मी."

मी लपूनछपून एक घोंगडी विणली आणि सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी ती पोत्यात घालून पुढचा पावसाळा जाऊ दिला, मग काढून झटकली. एक छिद्र नाही. मला वाटलं आता तरी मोकळी झाले. ते म्हणाले, "म्हंजे लपवलंच हुतंस." माग परत मिळाला, पण मरेपर्यंत त्यांनी मला खोटारडीच मानलं. तिकडे तुमचा पुतण्या साखर कारखान्यात लागला. त्यानं तुमच्या मागाची लाकडं गोठ्याच्या छपराला लावली. हे मी तुम्हाला टोचायला लिहिते आहे, उगाच दुसरं काही समजू नका.

शेवटचे तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा तुम्हाला दम लागत होता. नगरला डॉक्टरांना दाखवून वाट वाकडी करून आला होता. मी मागावर होते. तुम्ही शेजारी बसलात, अर्ध्या घोंगडीवरून तळहात फिरवलात, मग वाकून वास घेतलात. ओळखलंत लगेच. "कुनी शिकवलं?" मी म्हटलं, "तुमच्या वर्गातल्या बाईनं." मला वाटलं तुम्ही खाली बघाल, ओशाळाल. तुमचा चेहरा तर खुलला. मोठ्ठा श्वास सोडून म्हणालात, "बरं झालं. माज्या तोंडून गेलं न्हाई."

आई नंतर म्हणाली, बघ, त्यांना मनातून तुला द्यायचंच होतं. असेल. पण मग तेच मला जास्त लागतं. तुम्हाला माझं नुकसान कळत होतं, मी शिकावं असंही वाटत होतं, फक्त रीत मोडल्याचा डाग स्वतःला नको होता. माझी सासरी झालेली शोभा, ती वर्षं, ते सगळं तुमचं तोंड स्वच्छ राहावं म्हणून मी भोगलं. विसरून केलं असतं तर मी केव्हाच माफ केलं असतं. तुम्ही जाणूनबुजून केलंत.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही आणि पाठवायला तुमचा पत्ता नाही. एवढं मात्र कुणाला सांगितलेलं नाही ते लिहिते. त्या दिवशी उठताना तुम्ही पुन्हा एकदा घोंगडीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "माज्यापरास बरी इनतीस तू." मी तुमच्यावर इतकी धुमसत होते, आणि तरी ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की तुम्ही एसटीत चढून गेल्यावर मी ते वाक्य स्वतःशीच मोठ्यानं म्हणून बघितलं.