बाराच्या आतलं भोजनदान

वर्तकनगर, ठाणे
मंगळवार, दुपार

आदरणीय शिवरामदादा,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे शालनचा, मनापासून जयभीम. वहिनींनाही सांग. तुझा गुडघा या पावसात फारच कुरकुरतोय असं कळलं. तिळाच्या तेलात ओवा कढवून लाव. डॉक्टरकडे जाऊ नको असं मी म्हणत नाही, पण आधी तेल लाव. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, फक्त सर्दीनं आलटून पालटून शिंकतो (हे शिंकत नाहीत, कारण हे आमच्याबरोबर आलेच नव्हते. का ते पुढे येईल).

सगळ्यात आधी माफी. रविवारी सकाळी आमची गाडी शहाडला तुझ्या घरासमोरून गेली आणि थांबली नाही, हे तुला वहिनींच्या भिशीतल्या बाईंनी सांगितलं म्हणे. खरं आहे. मी काच खाली करून तुझ्या गॅलरीकडे हातसुद्धा केला, पण तिथं नुसता टॉवेल होता. थांबलो असतो तर वहिनींनी चहा टाकला असता, चहामागून पोहे आले असते, पोह्यांमागून तुझी चाळीसगावच्या बदलीची गोष्ट आली असती, आणि तिकडे भन्ते उपाशी राहिले असते. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू दोनदा "हां, बोल" म्हणतोस आणि फोन वहिनींच्या हातात देतोस. म्हणून पत्र. राजरत्न शनिवारी कामासाठी कल्याणला येणारच आहे, तो हातात देईल. टपालाचं तिकीट वाचलं.

तुला माहीत आहेच, पण तुझा चष्मा सापडत नसला की तुझी नात क्षिप्रा वाचून दाखवते, म्हणून तिच्यासाठी सांगते. वर्षावासाचे तीन महिने भन्ते एकाच विहारात राहतात आणि उपासक-उपासिका पाळीपाळीनं त्यांना भोजनदान देतात. भन्ते दिवसातून एकदाच जेवतात, तेही बाराच्या आत. मध्यान्ह टळली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अन्नाचा कण नाही. मुरबाडच्या पुढे टेकडीवर जे छोटं विहार आहे, तिथल्या यादीत या रविवारपुढं माझं नाव होतं. म्हणजे मी बाराच्या आत पोचले नाही, तर एक पंच्याहत्तर वर्षांचा भिक्खू माझ्यामुळे सोमवारपर्यंत उपाशी. या विचारानं मला शनिवारी झोप नव्हती, आणि वर तांदूळ निवडायचे होते.

एवढं साधं काम, पण आमच्या सूनबाई प्रीतीनं त्यात पिकनिक घातली. "आई, नाहीतरी एवढं लांब जातोय, तर मस्त डोंगराखाली बसू, पाऊस बघू, गरम भजी तळू!" मी म्हटलं, पाऊस वर्तकनगरातही फुकट दिसतो. पण राजरत्न लगेच बायकोच्या बाजूनं. मग घरात आली एक निळी ताडपत्री, एक छोटा गॅस, आणि घडीची एक खुर्ची, जिच्या हाताला कोल्ड्रिंकची बाटली ठेवायला जाळीचा खिसा आहे. (घरात दोन चांगल्या चटया असताना.) गाडीत माझे पाच डबे, प्रीतीची पिकनिक आणि कोलशेतहून घ्यायच्या विहीणबाई एवढं बसवल्यावर एक माणूस आणि खुर्ची यांपैकी एकच मावत होतं. हे म्हणाले, खुर्ची न्या. इतक्या पटकन म्हणाले की मला संशय आला, पण तेव्हा वेळ नव्हता.

साडेसातला निघायचं ठरलेलं. ठाणं सोडलं आठ पंचावन्नला. मी खर्चाच्या वहीत मागच्या पानावर वेळा लिहून ठेवल्या आहेत, म्हणजे उगाच कुणावर आळ नको: भज्यांचं पीठ विसरलं म्हणून राजरत्न परत वर गेला, अकरा मिनिटं. कोलशेतला विहीणबाई स्वेटर शोधत होत्या, बत्तीस मिनिटं. ऑगस्टात स्वेटर, पायमोजे आणि कानटोपी घालून लक्ष्मीबाई खाली आल्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघून हसून घेतलं. त्यांच्या मांडीवर झाकण बांधलेलं पातेलं होतं. म्हणाल्या, "भन्तेंना माझीपण थोडी खीर." अरे, खीर मी केली होती! यादीत नाव माझं, पाळी माझी, आणि खीर दोघींची. पण विहीण ती विहीण, मी हसून म्हटलं, "हो, घ्या की." कल्याणपर्यंत आम्ही दोघी फार गोड बोललो.

मुरबाड गेलं आणि पावसानं रूप बदललं. डोंगराकडून असा गार वारा सुटला की माझे दात आपोआप वाजायला लागले. विहीणबाईंनी कानटोपीतून माझ्याकडे बघितलं आणि स्वेटरचं वरचं बटण लावलं. हेच जास्त लागतं. आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी, विहार समोर टेकडीवर दिसत असताना, रस्ता संपला. मधल्या ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून लाल पाणी धो धो चाललेलं. कडेला खताची गोणी डोक्यावर घेऊन एक गाववाले बसले होते, काळुराम नावाचे. राजरत्ननं विचारलं, "काका, कधी उतरेल?" ते म्हणाले, "दोन वाजंपरत काय उतरत नाय. म्हशीपन थांबल्यात." खरंच, चार म्हशी आमच्यामागं रांगेत उभ्या होत्या, आमच्यापेक्षा शांतपणे.

दादा, मला रडूच फुटलं. पाच डबे गरम, भन्ते समोर, आणि मधे पाणी. विहीणबाई म्हणाल्या, "निघायला उशीर झाला की असं होतं." (बत्तीस मिनिटं! पण मी वही काढली नाही.) तेवढ्यात काळुरामच म्हणाले की वरच्या अंगाला पायी जायचा लोखंडी साकव आहे, डबे घेऊन त्यावरून जाणं घसरणीचं, पण येणारा माणूस येतो. राजरत्ननं विहारात फोन लावला, भन्तेंनी साकवावरून इकडे यावं एवढंच सांगता आलं, आणि रेंज गेली. मग पावसात भिजायला नको म्हणून सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत बांधून सीटखाली टाकले आणि आम्ही कामाला लागलो.

आता खरं तेच लिहिते. त्या दिवशी अब्रू वाचवली ती प्रीतीच्या पिकनिकनं. ताडपत्रीची दोन टोकं गाडीच्या मागच्या दाराला, दोन आंब्याच्या फांदीला. खाली वरण छोट्या गॅसवर. दहा मिनिटांत विहार उभं राहिलं म्हण ना! भन्ते आले ते चीवर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, एका हातात छत्री, दुसऱ्या कुशीत भिक्षापात्र. खाली सगळा चिखल, म्हणून त्यांना त्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी पात्राचं झाकण कोल्ड्रिंकच्या खिशात व्यवस्थित ठेवलं, जणू खिसा त्यासाठीच शिवला होता.

विहीणबाईंच्या मनगटावर घड्याळ होतं, तेवढंच काय ते. अकरा एकेचाळीस. आधी त्रिसरण-पंचशील, मग दान. विहीणबाईंचा आवाज चांगला आहे, पण त्या प्रत्येक शब्दाला मुक्काम करतात. माझे दात वाजत होते, त्यामुळे मी एकाच वेळी प्रार्थना म्हणत होते आणि ताल देत होते. पंचशील संपलं, मी पळी उचलली, तर विहीणबाईंनी बांधावरचा तेरडा तोडून पुष्पपूजा सुरू केली! मी त्यांच्या मनगटाकडे बघत बघत हात जोडले. अकरा सत्तावन्न.

मग जे वाढलं, ते मी तुझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढलं नव्हतं. भात, वरण, दोडक्याची भाजी, चपाती. एक घास भन्तेंच्या तोंडात, तर दुसरा पात्रात तयार. विहीणबाई डावीकडून, मी उजवीकडून. मधे ताडपत्रीची झोळ भरून फाटकन पाणी पडलं, निम्मं विहीणबाईंच्या कानटोपीत. त्या हलल्या नाहीत. (त्यांना या बाबतीत मानलं.) भन्तेंनी मधे दोनदा हात वर केला. मला वाटलं आशीर्वाद देताहेत, विहीणबाईंना वाटलं खीर मागताहेत. मी घड्याळ बघितलं, अकरा अठ्ठावन्न. खिरीच्या वेळी बघितलं, अठ्ठावन्नच. दुसऱ्यांदा खीर वाढली (त्यांची, मग माझी), तरी अठ्ठावन्नच! विहीणबाई हळूच म्हणाल्या, "पुण्याच्या कामात वेळसुद्धा थांबतो, ताई." मला भरून आलं.

भन्ते जेवले, आशीर्वादाची गाथा झाली, आणि ते साकवावरून परत गेले. मग आम्ही जेवलो. काळुराम आमच्यात बसले, त्यांना माझी खीर जास्त आवडली (त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण वाटी माझ्या बाजूला केली). प्रीतीनं भजी तळली. चारी बाजूंनी पाऊस, डोंगरावरून पांढऱ्या धारा, बोटं गारठलेली आणि भजी एवढी गरम की एका हातातून दुसऱ्या हातात. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी अशी रस्त्याच्या कडेला बसून कधी हसले नव्हते. प्रीतीला म्हटलं, खुर्ची चांगली आहे गं. ती लाजली. पोरगी गुणाची आहे, खर्चिक असली तरी.

तर असं सगळं सुखरूप पार पडलं. वहिनींना नमस्कार, क्षिप्राला गोड पापा. गुडघ्याला तेल लाव.

तुझी बहीण,
शालन

ता. क. क्षिप्रा, इथून पुढे तू वाचू नकोस, आजोबांना चष्मा शोधून दे. दादा, मी हे पत्र वेगळ्याच कामासाठी लिहायला बसले होते. संध्याकाळी कोलशेतला उतरताना विहीणबाईंनी घड्याळ बघितलं, तेव्हाही अकरा अठ्ठावन्नच होते. आत पाणी गेलेलं. आणि प्रीतीनं खिरीच्या वेळी पिशवीतून मोबाईल काढून एक फोटो घेतला होता, त्यावर वेळ आहे बारा एकोणीस. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, "आई, मी फक्त फोटो बघितला." म्हणजे माझ्या हातून भन्तेंचा नियम मोडला. दोन रात्री डोळा नाही. तू दहा दिवस चीवर घालून श्रामणेर झाला होतास, तुमच्या शिबिराच्या भन्तेंना नाव न सांगता एवढं विचार: अजाणता मोडलं तर दोष कुणाचा, वाढणारीचा की घड्याळाचा? आणि मी काय करू?

ता. क. २ (बुधवार) विचारू नकोस. राजरत्ननं मला न सांगता विहारात फोन करून माफी मागितली. पत्र फाडणार होते, पण पाच पानं दोन्ही बाजूंनी भरली आहेत, वाया कशाला घालवू? भन्ते म्हणाले, ते मध्यान्ह सूर्याची धरतात, आणि आपल्याकडे या दिवसांत सूर्य डोक्यावर यायला पाऊण वाजायला येतो. भरपूर वेळ होता. तेच सांगायला त्यांनी दोनदा हात वर केला होता. पण तोंडात घास असताना बोलायचं नाही असाही भिक्खूंचा एक नियम आहे, आणि तुमच्या आईंनी, म्हणाले, तोंड एकदाही रिकामं होऊ दिलं नाही.